दवाखान्याच्या भिंतीवरची कंबर

कोंढ्याच्या रुखमिणीला गप्प बसलेली गावात कोणी पाहिली नव्हती. धानाच्या रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत बायांची टोळी घेऊन ती बांधीत, चिखलाच्या वाफ्यात, उतरली की तिची गाणी तलावाच्या पाळीपर्यंत ऐकू जात, आणि गाणी संपली की शिव्या. बाजारात भाजीवाला तिला लांबून पाहूनच तराजू सरळ धरी. नवरा देवाजी स्वभावाने गरीब गाय. दोघांच्या वाट्याचं बोलणं ती एकटीच बोलून टाकी. अशी ही बाई फक्त एका ठिकाणी मुकी व्हायची, आणि ते ठिकाण म्हणजे सरकारी दवाखान्याचा व्हरांडा. बीपीच्या गोळ्यांसाठी तिथे रांगेत बसावं लागे. ती नेहमी एका भिंतीकडे पाठ करून बसे.

त्या भिंतीवर एक पोस्टर होतं. वर मोठ्या अक्षरांत ‘ताप आहे? अंगावर असा डाग आहे का?’ आणि खाली एका बाईच्या कंबरेचा फोटो. चेहरा नाही, नाव नाही. कंबरेवर विडीचा चटका दिल्यासारखा काळा गोल डाग, आणि कोपऱ्यात बाजूला सारलेल्या लुगड्याचा हिरवा काठ. तो काठ एका जागी फाटला होता आणि निळ्या दोऱ्याने शिवलेला होता. दोरा निळा का, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. शिवायच्या दिवशी घरात हिरवा दोरा नव्हता.

ती कंबर रुखमिणीची होती.

सात-आठ वर्षं झाली असतील. धान निसवायला आलं होतं आणि धुऱ्यांवर, शेताच्या बांधांवर, गवत कंबरभर वाढलं होतं. रुखमिणीने ते कापून आणलं आणि काही दिवसांनी तापाने फणफणली. बाजारातल्या एका डॉक्टरने सलाईन लावली आणि टायफाइड म्हणाला. दुसऱ्याने डेंगू सांगितला. ताप कोणाचंच ऐकेना. शेवटी डोळे पिवळे झाले, लघवी बंद झाली, श्वास भात्यासारखा चालू लागला, तेव्हा तिला नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. देवाजी बाहेरच्या ओट्यावर बसून राहिला. आपल्या पोराच्या, गोलूच्या मायला आता घरी कसं न्यायचं, एवढाच विचार त्याच्या डोक्यात होता.

सकाळच्या राउंडला एक बारीकशी डॉक्टरीण आली. तिने सगळे रिपोर्ट वाचले आणि बाजूला ठेवले. सिस्टरला पडदा ओढायला सांगितला आणि रुखमिणीचं अंग पाहायला सुरुवात केली, केसांच्या मुळांपासून. कानामागे पाहिलं, काखेत पाहिलं. मग परकराची नाडी सैल केली आणि तिची बोटं तिथेच थांबली.

“सापडला,” ती म्हणाली.

एवढे दिवस जो डाग कोणाला दिसला नव्हता, तो नाडीखाली निवांत बसला होता. गवतातलं डोळ्याला न दिसणारं किडूक चावतं, ते असंच कपडा जिथे आवळून बसतो तिथे. आणि पन्नाशीच्या बाईला नाडी सैल कर म्हणून कोण सांगणार? औषधही फार मोठं नव्हतं. तरण्या पोरांना चेहऱ्यावरच्या पुळ्यांसाठी देतात तेच. तिसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरला आणि चहात साखर कमी आहे म्हणून रुखमिणी सिस्टरशी भांडली. ते भांडण ऐकून देवाजी बाहेर ओट्यावर ढसाढसा रडला.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरणीने फोटोचं विचारलं. “चेहरा येणार नाही, नाव येणार नाही. तुम्ही वाचलात. हा डाग पाहिला तर दुसऱ्या डॉक्टरांनाही शोधायचं सुचेल.”

“काढा जी,” रुखमिणी म्हणाली. जीव परत दिलेल्या माणसाला नाही कशी म्हणणार? पण घर जवळ येऊ लागलं तशी तिला लाज खाऊ लागली. पवनीच्या अलीकडेच तिने देवाजीला मुलाची शपथ घातली, की फोटोचं कोणाला सांगायचं नाही.

आणि मग एक दिवस ते पोस्टर गावच्या दवाखान्यातच येऊन लागलं. रांगेतल्या बाया फोटो पाहून कुजबुजू लागल्या, कोनाची असन बाप्पा? संशयाची सुई फिरत आपल्याकडे येऊ नये म्हणून रुखमिणीच सगळ्यांत मोठ्याने बोलली, “लाज नाही वाटली का त्या बयेले? सरकारी भितीवर कंबर टांगून ठेवली!” सगळ्या खो खो हसल्या. त्या हसण्यात तिची नवी सून टीनाही होती. त्या दिवसापासून मात्र रुखमिणी त्या व्हरांड्यात तोंड मिटून बसू लागली.

टीना बपेरा गावची. लाजरी, कमी बोलणारी; सासूच्या तोंडून निघालेलं सगळं मनावर कोरून घेणारी. यंदा तिला सहावा महिना लागला होता. रुखमिणी तिला जड उचलू देत नव्हती, पण बकऱ्यांसाठी बोडीच्या, शेतातल्या छोट्या तळ्याच्या, कडेचं हिरवं गवत आणायला ती जायची, तेवढं चालायचं. मग ताप आला. पोरगी दोन दिवस बोललीच नाही. बोलली तेव्हा डोकं ठणकत होतं आणि पोटातलं बाळ आधीसारखं हलत नव्हतं. गोलू मजुरांबरोबर बाहेरगावी गेला होता. रुखमिणीने ऑटो बोलावला आणि सुनेला दवाखान्यात आणलं.

डॉक्टर भूषण नवीनच आले होते, चेहऱ्यावर अजून कॉलेजचा तजेला. त्यांनी मलेरिया तपासला, नव्हता. पहिलाच प्रश्न विचारला, “गवतात गेली होती का?” मग रीता सिस्टरकडे वळून म्हणाले, “पडद्याआड नेऊन सगळं अंग पाहून घ्या.”

टीनाने पदर गच्च धरला. “काही नाही माह्या अंगावर.”

“बाई, सिस्टरच पाहतील. मी येत नाही आत.”

“नाही म्हटलं नं.”

रुखमिणी पुढे झाली. “काहून हट्ट करून राहिली, टीना? पाहू दे नं.”

टीनाने तापाने लाल झालेले डोळे सासूकडे वळवले. “तुमीच म्हणता नं मामीजी, अंग दाखवते ते लाज सोडलेली बाई. उद्या माहाबी फोटो भितीवर टांगतीन.”

दार उघडं होतं. व्हरांड्यातल्या रांगेने कान टवकारले होते. रुखमिणीला समोरचं सगळं एकदम दिसलं: ते पोस्टर, त्यातला निळा दोरा, आणि तापाने थरथरणारी पोर, जिच्या पोटात तिचं नातवंड आधीसारखं हलत नव्हतं. आपलेच शब्द असे परत येऊन दारात उभे राहतील असं तिला कधी वाटलं नव्हतं.

“तो फोटो माहा आहे,” ती म्हणाली.

कोणाला काही कळलं नाही. मग ती तिच्या रोवण्याच्या आवाजात बोलली, म्हणजे सगळ्यांनाच ऐकू गेलं. “थे भितीवरची कंबर माही आहे! लाज सोडलेली बाई मीच. मेली असती मी, डॉक्टरनीनं नाडी सोडली म्हनून वाचली. चाल आत.” पडद्याआड जाताच तिने स्वतःच्या लुगड्याची गाठ सैल केली आणि टीनाचं बोट धरून कंबरेवरच्या पांढुरक्या खळग्यावर ठेवलं. “पाह्य. हाच तो.”

टीना त्या खळग्याकडे पाहत राहिली. मग हलकेच म्हणाली, “मामीजी, मांडीच्या सांध्यात काहीतरी आहे. मले वाटलं, कपड्यानं सोललं.”

रीता सिस्टरने पाहिलं आणि बाहेर सांगितलं, “सर, काळं नाही. पोस्टरसारखं काहीच नाही. ओलसर, फिकट, छोटीशी जखम आहे. बाजूला गाठ सुजली आहे.”

रुखमिणी पडद्याच्या फटीतून डॉक्टरांकडे पाहू लागली. काळं नाही म्हणजे हे ते नाहीच? म्हणजे आपण उगाच गावासमोर उघडे पडलो?

“सांध्यात घाम असतो,” डॉक्टर बोलले. “ओल्या जागी खपली धरत नाही. तिथे काळं दिसतच नाही. हे कुठल्याशा डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचं लिहून ठेवलेलं मी वाचलंय, पाहिलं मात्र आज पहिल्यांदा.” त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, पण रिपोर्टची वाट पाहिली नाही. गोळ्या काढल्या.

“माह्या वेळचीच का?” रुखमिणीने विचारलं.

“नाही. ती पोटातल्या बाळासाठी टाळतो. ही वेगळी. तुमच्या सुनेसारख्या किती बायांना हा ताप पोटुशी असताना आला. कोणाला काय दिलं, आईचं काय झालं, बाळाचं काय झालं, हे डॉक्टरांनी वर्षानुवर्षं जमवलं. बाकी औषधांचंही तसंच. कितीतरी आजारी लोक कबूल झाले, की दोन औषधांच्या चिठ्ठ्या टाका, निघेल ते आम्हाला द्या आणि कोणतं जास्त चांगलं ते पाहा. त्यांच्या भरवशावर मी आज हिला ही गोळी देतोय.”

रुखमिणी गोळीकडे पाहू लागली. पांढरी, साधी, नखाएवढी. तिच्या मागे एवढी माणसं उभी आहेत? कोणत्या मुलखातल्या कोण त्या बाया, काहींची लेकरं वाचली असतील, काहींची नसतील, आणि त्या सगळ्या मिळून आज तिच्या सुनेच्या तोंडात ही गोळी घालत होत्या. रोवण्यात एकेक बाई एकेक मूठ लावत जाते आणि संध्याकाळी मान वर करून पाहावं तर सगळी बांधी हिरवी दिसते, तसं काहीतरी तिला वाटलं. पण ही बांधी केवढी मोठी, तिचा धुरा कुठे, ते तिच्या नजरेत मावेना. तिने नकळत हात जोडले. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

टीनाला भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत डॉक्टर भूषण रुखमिणीजवळ येऊन उभे राहिले. “काकू, खरंच तुम्ही का हो त्या?” त्यांचा स्वर एकदम विद्यार्थ्यासारखा झाला होता. “आमच्या सरांनी वर्गात तुमचा फोटो लावून विचारलं होतं, ह्या बाईला काय झालंय? आम्ही सगळे चुकलो. तेव्हापासून तापाचा माणूस आला की मला आधी तो हिरवा काठ आठवतो. ह्या खुर्चीत बसल्यापासून कितीजणांचा डाग मी त्यामुळे शोधला.”

रुखमिणी पदर सारखा करत एवढंच म्हणाली, “लुगडं चांगलं नव्हतं जी त्या दिवशी.”

भंडाऱ्याला गेल्यावर दोन रात्री वाईट गेल्या. तिसऱ्या दिवशी टीनाचं अंग घामाने भिजलं आणि ताप उतरला. सिस्टरने तिच्या पोटावर छोटं यंत्र ठेवलं, आणि त्यातून धावत्या घोड्यासारखे ठोके ऐकू आले. रुखमिणीने ते ऐकले आणि सिस्टरला यंत्र पुन्हा एकदा ठेवायला लावलं.

तिथल्या डॉक्टरांनी फोटोचा विषय काढायला तोंड उघडलं, तर टीना आधीच म्हणाली, “रीता सिस्टरनं काढला जी. गाडीत बसायच्या आधी मीच सांगतलं काढाले. माहा डाग मामीजीच्या डागासारखा नाही नं.”

थंडी संपता संपता नात झाली. तिला लसीच्या पहिल्या डोसाला घेऊन रुखमिणी व्हरांड्यात आली तेव्हा भिंतीवर नवं पोस्टर होतं. त्यात आता दोन फोटो होते. एक काळा डाग, हिरव्या काठाशेजारी. दुसरा फिकट, ओलसर, आणि खाली लिहिलेलं, ‘असाही असू शकतो.’ रुखमिणी पहिल्यांदाच भिंतीकडे तोंड करून बसली.

बाजूला कुठल्यातरी गावची एक बाई तापाने मलूल झालेला पोरगा मांडीवर घेऊन बसली होती. तिने फोटो पाहिले आणि नाक मुरडलं. “लाज नाही वाटली का ह्या बायांले?”

“वाटली, बाई,” रुखमिणी नातीला थोपटत म्हणाली. “लय वाटली. तुह्या पोराले आंगोळ घालताना कुठी असं काही दिसलं का?”

त्या बाईने आधी रुखमिणीकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग तिने पोराचा सदरा वर केला आणि त्याच्या काखेत पाहू लागली.