डावा दस्ता

वेस्ट व्हर्जिनियातल्या व्हर्लिनने जुन्या सायकलींच्या दातेरी चाकांवर घरीच नक्कल-यंत्र बांधलं. एकीकडे त्याच्या बंदुकीचा दस्ता फिरायचा, दुसरीकडे अक्रोडाचं लाकूड तसंच कोरलं जायचं. पण नव्या दस्त्यावर नेम धरताना गाल टेकायचा उंचवटा विरुद्ध बाजूला आला. त्याने पुन्हा पुन्हा मापं घेतली. सगळी बरोबर!

"अगं नदीन, हे उलटं कसं झालं?"

त्याच्या डावखुऱ्या बायकोने दस्ता खांद्याला लावून पाहिला. "तीस वर्षं मी तुझ्या उजव्या हाताच्या बंदुकीने हरणं मारली. हा माझा."

"पण चुकलं कुठे?"

"साखळी न लावता चाकं थेट एकमेकांत अडकवलीस, म्हणून लाकूड उलटं फिरलं आणि आरशातल्यासारखी नक्कल झाली. पहिल्याच दिवशी दिसलं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर सुधारलं असतंस."