मावशी गरम गाडी बघत नाही

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या मावशीकडे लोक जातात ते बाकी सगळ्यांनी हात टेकल्यावर. दुधाच्या ट्रकचा ड्रायव्हरही तसाच गेला. थंडी पडल्यापासून ट्रक सुरू व्हायचा, पण चार्जिंगचा लाल दिवा बराच वेळ विझायचं नाव घेत नसे, आणि चौथ्या-पाचव्या दुकानापाशी इंजिन बंद केलं की पुन्हा सेल्फ नुसता कण्हायचा. बॅटरी चार्ज करणारे दोन अल्टरनेटर बदलून झाले. गॅरेजात मीटर लावावा तर अठ्ठावीस व्होल्ट, अगदी चोख. मग खापर ड्रायव्हरच्या माथी फुटलं. हाच दिवे चालू ठेवून झोपतो, असं मालकानं ठरवलं. शनिवारपर्यंत ट्रक सुधारला नाही तर अकरा वर्षं सांभाळलेली किल्ली दुसऱ्याच्या हातात जाणार होती.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं, इंजिनावर तळवा टेकवला आणि हात पुसला. चालवत आणलेला ट्रक आपण बघत नाही, म्हणाली. रात्रभर उभा राहू दे, सकाळी मीच येते, तोवर किल्लीला हात लावू नकोस.

सांगणं सरळ होतं, पण ऐकेल तो ड्रायव्हर कसला! म्हातारी बाई दुखऱ्या गुडघ्यानं चालत येणार आणि तिच्यासमोर ट्रक सुरूच झाला नाही तर? शुक्रवारी त्यानं दहा मिनिटं आधीच इंजिन तापवून ठेवलं. मावशी आली, तळवा टेकवला आणि पिशवी न उघडताच वळली.

"ताप उतरल्यावर वैद्य बोलावलास होय रे?" एवढंच म्हणाली.

त्यानं हातापाया पडून पाहिलं. उद्या गार मिळाला तरच बघीन, असं जाता जाता म्हणाली, पण ती थांबली नाही. ड्रायव्हर दिवसभर स्वतःला शिव्या घालत होता.

शनिवारी मालकही आला, हाताची घडी घालून उभा राहिला. या खेपेला इंजिन गारठलेलं होतं. मावशीनं ते सुरू करायला लावलं आणि अल्टरनेटरवर मीटर टेकवला. अठ्ठावीस. मग बॅटरीवर टेकवला. साडेचोवीस.

तिनं मालकाला जवळ बोलावून समजावलं. थंडीत इंजिन सुरू झाल्यावरही त्याच्या आत जाणारी हवा तापवणारा हीटर काही मिनिटं चालतो आणि भरमसाट करंट ओढतो. सेल्फनं दमलेली बॅटरीही तेव्हाच मागत असते. अल्टरनेटर देतोय, पण मधली वायर एवढं पुढे जाऊ देत नाही. इंजिन तापलं की हीटर बंद, मागणी कमी, आणि तीच वायर शहाण्यासारखी वागते. गॅरेजपर्यंत चालवत नेलेल्या ट्रकमध्ये दोष सापडणार कसा?

इंजिन बंद करून तिनं जाड वायरीच्या टोकाची टेप सोलली. तारा दाबून बसवायचं आतलं तांब्याचं टोक, थिंबल, हिरवं पडलं होतं, तारा सुटत आल्या होत्या. मावशी ते बोटांत धरून बराच वेळ बघत राहिली.

"हे असलं काम केलं कोणी?" मालकानं विचारलं, आणि सवयीनं ड्रायव्हरकडे पाहिलं.

"मी," मावशी म्हणाली. "गॅरेजवाल्यानं वायर माझ्याकडूनच बनवून नेली होती. दाब माझ्या पकडीचा आहे, ओळखते मी. नीट दाबलं नाही आणि वर टेप गुंडाळली. तुम्ही याला जे जे बोललात, ते माझं होतं."

गप्प राहिली असती तर कुणाला कळलं असतं? ड्रायव्हरला तिचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले, आणि ते लपवायचंही त्याला सुचलं नाही.

मावशी खाली बसून नवी वायर कापू लागली. मालकानं दोनदा घसा खाकरला. माफी मागायची त्याला सवय नव्हती.

"उद्या किती वाजता निघतोस?" त्यानं ड्रायव्हरला विचारलं.

"पाचला," ड्रायव्हर म्हणाला.