डोळ्याच्या बदल्यात मंडई

‘समझोता’ हा शब्द माझ्यासमोर कोणी काढला की माझं डोकं सटकतं. घरचे म्हणतात, आता साठीला आलीस, बीपी सांभाळ. सांभाळते ना! पण त्या दुपारी त्या समाजमंदिरात जे ऐकलं, ते ऐकून ज्याचा बीपी वाढणार नाही, त्याला मी माणूसच म्हणणार नाही.

माझं काम आहे वस्त्यांमधल्या महिला मंडळांना आपल्या पायावर उभं करायचं. विशेष करून जिथे भांडणं, मारामाऱ्या नेहमीच्या झाल्यात अशा वस्त्या. बैठक कशी घ्यायची, ठराव कसा करायचा, पोलीस ठाण्यात गेल्यावर कोणी बोलायचं आणि कोणी नुसतं ऐकायचं. साकोलीहून बस बदलत बदलत मी ज्या संस्थेसाठी फिरते, ती याला ‘क्षमता बांधणी’ म्हणते. जशी काही या बायांची क्षमता मोकळी सुटली होती आणि मी सुतळी घेऊन आले!

ही वस्ती कोंढ्याच्या पुढे, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या दोन गावांची. दोन गावं उचलली आणि एका माळावर आणून टाकली, मधून एक डांबरी रस्ता. रस्त्याच्या अलीकडे एक गाव, पलीकडे दुसरं. बाबांनो, तुमचं एकमेकांशी पटतं का, एवढं तरी कोणी विचारलं का? पाण्याच्या टाकीवरून कुरबुर सुरू झाली, मग पोट्ट्यांच्या मारामाऱ्या, आणि एका दिवाळीनंतरच्या मंडईत तर लाठ्याच निघाल्या. अलीकडच्या एका पोराचा डोळा गेला. मारणारा पलीकडचा. त्याच्यावर केस झाली, तो जामिनावर सुटून घरी आला, आणि मंडईची परवानगी बंद पडली.

आमच्या झाडीपट्टीत मंडई बंद म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. भाऊबीज झाली की गावोगावी जत्रेसारखी मंडई भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुणे येतात, दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ होतो, बाया उकडलेले शिंगाडे आणि चिवडा विकून चार पैसे गाठीला बांधतात. ज्या गावची मंडई बंद, त्या गावाकडे पाहुणा पाठ फिरवतो. या वस्तीला तर आजूबाजूचे ‘मारपिटीची वस्ती’च म्हणायला लागले होते.

म्हणून मंडळाच्या बायांनी ठरवलं, यंदा मंडई आम्ही भरवू. दोन्हीकडच्या बाया मंडळात होत्या. अध्यक्षीणबाई म्हणजे ज्याचा डोळा गेला त्याचीच आई. वर्षभर राबल्या. मंडई दिवसाउजेडी भरवायची, दारूच्या गुत्त्याला त्या दिवशी कुलूप, प्रत्येक कोपऱ्यावर अलीकडची एक आणि पलीकडची एक अशा दोघी उभ्या राहणार. अहो, काय सुंदर बंदोबस्त आखला होता! ठाण्यातल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, शांतता समितीची शिफारस आणा.

शांतता समितीत कोण? दोन्हीकडचे पुढारी! ज्यांनी पोट्ट्यांना भडकवलं, तेच शांततेच्या खुर्च्या उबवत बसलेले. कपाळ माझं!

त्यांच्यातला पलीकडचा एक मोठा पुढारी, सगळे त्याला भाऊ म्हणत, तो शिफारशीचं बोलायला समाजमंदिरात आला. त्याच दिवशी आमच्या संस्थेचे समन्वयकही नागपूरहून आले होते. भाऊ खुर्चीवर बसला, बाया सतरंजीवर. चहा आला. भाऊनं बशीत ओतून निवांत प्याला आणि गोड आवाजात म्हणाला, “मंडई होऊन जाईल, बाई. मी शब्द देतो. फक्त तेवढी केस मिटवून टाका. कोर्टात जाऊन सांगा, आमचा आपसात समझोता झाला. कायले पोट्ट्यायचं आयुष्य खराब करता?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका पोराचा डोळा, आणि त्याच्या बदल्यात मंडई! जसा काही याच्या बापाचा बाजार भरला होता. आणि आमचे समन्वयक? ते मान डोलवत माझ्या कानाशी म्हणतात, “समझोता झाला तर आपलं मोठं यश आहे, मॅडम. लोकांना असं बघायला फार आवडतं.”

“कोणत्या लोकांना?” मी विचारलं. ते खिशातून मोबाईल काढून त्याची काच पुसायला लागले.

मी तोंड उघडणारच होते. पण मंडळाच्या वतीनं आपण बोलायचं नाही, हा माझ्या कामाचा पहिला नियम. जीभ चावून बसले. तेवढ्यात अध्यक्षीणबाई म्हणाल्या, “भाऊ, तुमी बाहेर बसा. आमी आपसात बोलून सांगतो.”

भाऊला वाटलं ऐकण्यात चूक झाली. “बाहेर?”

“हो जी. आमचा ठराव आमी बाहेरच्यासमोर नाही करत.”

हे मी शिकवलेलं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझाच अभिमान वाटला. भाऊची खुर्ची दोघींनी उचलून आंब्याखाली नेऊन ठेवली आणि दार लोटून घेतलं. समन्वयक मात्र ‘आपले’ म्हणून आतच राहिले.

आत मात्र तोंडं सुटली ती अशी की विचारू नका. एक म्हणाली, गेलेला डोळा काही परत येत नाही, मंडई तरी होऊ दे. दुसरी तिच्यावर धावली, तुह्या पोराचा गेला असता म्हणजे समजलं असतं! तिसरी रडायलाच लागली, तिच्या लेकीला सासरचे या वस्तीत पाठवत नव्हते. अध्यक्षीणबाई कोणाकडेच पाहत नव्हत्या. शेवटी म्हणाल्या, “सगळ्यायचं भलं होत असन, तर घेतो मी केस वापस.”

“नोको घेऊ.”

आवाज दारापासून आला. तिथे एक बाई बसायची. ज्यानं लाठी मारली, त्याची आई. ती प्रत्येक बैठकीला यायची, दाराशी बसायची आणि उठून जायची. तिला कोणी नको म्हटलं नाही, की पुढे येऊन बस असंही म्हटलं नाही. मी तिचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

“केस वापस नोको घेऊ, बाई. माह्या पोट्ट्यानं मारलं. मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी त्याले दारू कोणं पाजली? लाठ्या कोणाच्या टॅक्टरातून उतरल्या? सगळ्यायले मालूम हाय, बोलत कोणीच नाही. केस मिटली का हा बाहेर बसलेला माणूस सुटला. कायले आला तो गोड बोलाले? तुह्या पोरासाठी? का माह्या?”

सगळ्याजणी दाराकडे वळून बसल्या.

“माहा पोट्टा कोर्टात सगळं सांगणार हाय,” ती म्हणाली. “मी त्याले म्हटलं, तुले सजा होईल ते होईल, पण नाव घेतल्याबिगर घरी येऊ नोको.”

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, “सांगन तो?”

“सांगन.”

भाऊला आत बोलावलं. अध्यक्षीणबाई उभ्या राहून म्हणाल्या, “केस वापस होत नाही. ठराव झाला.”

“मग मंडई विसरा!” गोडवा कुठल्या कुठे पळाला. “यंदाही नाही, अन् पुढंही नाही. बाया लोकांच्या नादी लागलो, माहीच चूक झाली.” गाडीला किक मारून, धूळ उडवत तो निघून गेला. वर्षभराची मेहनत त्या बायांच्या डोळ्यांदेखत मातीत गेली, आणि त्यांच्यातली एकही त्याला थांबवायला उठली नाही.

त्याची गाडी दिसेनाशी झाली आणि अध्यक्षीणबाई दाराकडे गेल्या. त्या बाईचे खांदे धरून त्यांनी तिला उठवलं, गदागदा हलवलं, मुठींनी मारलं. “आतापावतर कोठी होती तू? काहून नाही बोलली? काहून नाही बोलली वं?” ती मार खात तशीच उभी राहिली, आणि मग दोघीही खाली बसून ओक्साबोक्शी रडायला लागल्या.

समन्वयकांनी हळूच मोबाईल वर केला. दोन गावं, दोन आया, गळ्यात गळा! त्यांना हवं होतं ते आयतंच मिळालं होतं. मी त्यांचा हात धरायला उठले, पण त्याआधीच अध्यक्षीणबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

“फोटू नोको काढू, सायेब,” त्या म्हणाल्या. “समझोता नाही झाला. माहा राग हाय तसाच हाय. आमी दोघी फकत एका बसनं कोर्टात जाणार हावो.”