अनुजाच्या खाडीतल्या तिसऱ्या

अनुजाला कोणी हुशार म्हटलं की तिची आई नर्मदा लगेच म्हणते, "हुशार कसली, हट्टी आसा." आईचं म्हणणं खोटं नाही, पण अपुरं आहे. निव्वळ हट्टी माणसं आपली चूक कबूल करायला जात नाहीत, आणि अनुजा तर आपण होऊन गेली होती.

मालवणजवळच्या खाडीकाठी तिचं घर. वडील महादू होडी घेऊन मासेमारीला जातात. ओहोटी लागली की नर्मदा गुडघाभर चिखलात उतरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढते आणि त्या बाजारात नेऊन विकते. अनुजा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा कॉलेजात नोटीस लागली, की पदवीच्या मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधनाचं काम करता येईल. वर्गातल्या शहाण्यांनी आधीच निकाल लावला, की तिथे नेऊन काचेची भांडी घासायला लावतात. भांडी तर घरीही घासतेच, असं म्हणून हिने अर्ज भरला. निवड झाली, आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली.

विद्यापीठातल्या रश्मी मॅडमच्या प्रयोगशाळेत त्या वर्षी एकच काम चाललं होतं. किनाऱ्यावरच्या वेगवेगळ्या खाड्यांमधल्या तिसऱ्यांच्या पोटात प्लास्टिक किती जातं, ते बघायचं. तिसरी उघडायची, आतलं मांस तीव्र अल्कलीत विरघळवायचं, ते पाणी बारीक गाळणकागदातून गाळायचं आणि कागदावर जे उरेल ते मायक्रोस्कोपखाली बघायचं. पहिले काही दिवस अनुजाने खरोखरच भांडी घासली, पण एका बाजूने सगळं शिकूनही घेतलं. सुट्टी संपताना मॅडम एकाच विद्यार्थ्याला पुढच्या वर्षासाठी ठेवून घेणार होत्या. ती जागा आपल्याला मिळावी, असं अनुजाला फार वाटत होतं. इतकं, की फोनवर आईशी बोलतानाही ती त्याचं नाव काढत नसे.

मॅडमनी तिला तिच्याच खाडीतल्या तिसऱ्या आणायला गावी धाडलं. जिवंत आण, बर्फावर ठेवून आण, एवढंच सांगितलं. किनाऱ्यावरच्या मुलीला आणखी काय सांगायचं, असं त्यांना वाटलं असावं. घोटाळा झाला तो इथेच. मायलेकींनी तिसऱ्या काढल्या आणि घरी येताच अनुजाने त्या समुद्राच्या पाण्यात भिजत घातल्या. रात्रभर अशा ठेवल्या की तिसऱ्या तोंड उघडून पोटातली वाळू बाहेर टाकतात. मालवणात कुठल्याही घरात विचारा, कोणी वेगळं करणार नाही. नर्मदेने वर दोनदा पाणी बदललं.

"रेवेसकट कोणाक देतत गो?" ती म्हणाली. "लोकां नावां ठेवतीत."

सकाळी पुसून लख्ख झालेल्या तिसऱ्या बर्फावर ठेवून अनुजाने गाडी पकडली.

प्रयोगशाळेत कौस्तुभने, म्हणजे तिथे पीएच.डी. करणाऱ्या मुलाने, तिच्या तिसऱ्या तपासल्या आणि मॅडमना हाक मारली. इतर खाड्यांच्या कागदांवर प्लास्टिकच्या धाग्यांची गर्दी, आणि हिच्या कागदावर एखाददुसरा.

"तुझी खाडी सगळ्यात स्वच्छ निघाली की," मॅडम म्हणाल्या. त्यांना मनापासून आनंद झाला होता.

अनुजालाही झाला. खोटं कशाला सांगायचं, एक दिवसभर ती हवेत होती. आपली खाडी, आपलं गाव, आणि त्याचं नाव विद्यापीठाच्या भिंतीवर लागणार. मग दुसऱ्या दिवशी तिच्या हाताखाली दुसऱ्या खाडीची तिसरी आली. ती उघडली तर पोट चिखलाने काळं. आपल्या तिसऱ्यांची पोटं पांढरीशुभ्र होती. का होती, ते तिला त्या क्षणी कळलं.

गप्प बसली असती तर कोणाला पत्ता लागला नसता. खाडीचं नाव झालं असतं, बहुधा जागाही मिळाली असती. हातातली तिसरी तशीच ठेवून ती मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, मी तिसऱ्या धुऊन आणल्या. म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवून. आमच्याकडे तसंच करतात. आमची खाडी स्वच्छ नाहीये."

मॅडमनी वहीतली तिच्या खाडीची ओळ खोडली. मग म्हणाल्या, "माझ्या कामाला त्या उपयोगाच्या नाहीत. पुन्हा जा आणि चिखलातून काढल्या की लगेच बर्फावर घाल." अनुजा दाराशी पोचली तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "आणि धुतलेल्यांचे कागद टाकू नकोस. लोक त्या धुऊनच खातात ना? मग ते तुझं काम. तूच बघ."

तिने बघितलं. न धुतलेल्या तिसऱ्यांत निळ्या धाग्यांचा गुंता होता. रात्रभर ठेवल्यावर बरेचसे धागे बाहेर पडत होते, सगळे नाही. पुढच्या वर्षाची जागा तिलाच मिळाली. पण घरी गेली तेव्हा जागेचं सांगायच्या आधी तिने मोबाइलवर काढलेला तो निळा गुंता वडिलांपुढे धरला.

महादू खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसून जाळं दुरुस्त करत होता. मांडीपाशी निळ्या दोरीचे कापलेले तुकडे पडले होते; होडीवर असे तुकडे निघाले की तो ते पाण्यातच टाकून देई. त्याने एकदा फोनकडे बघितलं, एकदा तुकड्यांकडे.

"ह्यां माझ्या दोरयेचा?"

"तसा सांगाक येणा नाय, बाबा. निळी दोरी सगळ्यांकडेच आसा."

"सगळ्यांत मी पण इलंयच," महादू म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

वडिलांना दुखावलं, असं वाटून अनुजाला रडू आलं. ती आत गेली. 

सुट्टी संपवून ती परत गेली, त्यानंतर आठवड्याने नर्मदेचा फोन आला. आवाजात त्रागा होता. "तुझ्या बापाशीक काय शिकवन गेलंस गो? धुवूक घेतलेल्या सगळ्या शर्टांच्या खिशात दोरयेचे तुकडे गावतत."