जाळीपाशी आलेली कासवी

यामिनी नागपूरची. ॲन आर्बरच्या विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकली आणि कॅलिफोर्नियात, मोहावी वाळवंटात कासवांच्या कामाला लागली. नवरा अवधूत दूर सांता क्लाराला नोकरीत, शनिवार-रविवारी भेट.

वाळवंटाच्या कडेला घरांची वसाहत उभी राहणार होती. तिथल्या काही खडकांवर मूळ रहिवाशांनी पूर्वी रानमेंढ्या कोरल्या होत्या. ते खडक जागेवरच राखायचे ठरले. कासवं मात्र हलवायची होती. घाबरलेलं कासव अंगात साठवलेलं पाणी सोडून देतं, आणि दुष्काळात तेच त्याचं जीवन. यामिनी जपून उचलायची. तरी एका म्हाताऱ्या कासवीने पाणी सोडलंच. ते भरून निघावं म्हणून यामिनीने तिला टबात भिजवलं, पाठीवर ठावठिकाणा कळवणारा ट्रान्समीटर चिकटवला आणि टेकडीपलीकडे सोडलं.

कासवी तिथे रमली नाही. सिग्नल रोज जुन्या बिळाकडे सरकत राहिला. जूनच्या एका सकाळी तो वसाहतीच्या जाळीच्या कुंपणापाशी अडकला. यामिनी धावली. कासवी जाळीला नाक लावून येरझाऱ्या घालत होती. वाळूत तिच्या पायांची वाट पडली होती. पलीकडे बुलडोझर चालले होते. ऊन चढलं की ती भाजून मरणार, हे यामिनीला दिसत होतं. तिने कासवीला गाडीच्या सावलीत घेतलं आणि अवधूतला फोन लावला.

"घरं नकोत असं म्हणतेस का? लोकांनी राहायचं कुठे? आपणही भाड्यानेच राहतोय," तो म्हणाला.

"घरं होऊ देत. हिचं बीळ त्या खडकांना लागूनच आहे. खडकांसाठी राखलेलं आवार थोडं वाढवलं तर भागेल."

वसाहतीच्या मॅनेजरने आधी उडवून लावलं. प्लॉट विकले गेले होते. यामिनीने कासवीला तोवर सावलीच्या बंदिस्त जागेत ठेवलं आणि पिच्छा सोडला नाही. खडक ज्यांच्या पूर्वजांचे, त्या जमातीची माणसंही तिच्या बाजूने उभी राहिली. अखेर कुंपण त्या एका अंगाला आत सरकलं, बीळ बाहेर मोकळं राहिलं आणि कासवी आपल्या बिळात शिरली.

थंडीत ही कासवं बिळात झोपून राहतात. हिवाळाभर सिग्नल बिळातूनच येत होता. पण आत कासवी जिवंत आहे की नुसता ट्रान्समीटर वाजतोय, या धास्तीने यामिनीला झोप लागेना.

मार्चमध्ये कासवी बाहेर आली आणि पिवळी रानफुलं खाऊ लागली. यामिनीने डोळे पुसले. तेवढ्यात समोरच्या नव्या घरापुढे सामानाचा ट्रक थांबला, आणि त्यातून एका बाईने दोन धिप्पाड कुत्रे उतरवले.

मोकळे कुत्रे कासवाला चावून मारतात. यामिनी त्या दाराकडे निघाली. नुकत्याच राहायला आलेल्या बाईला काय आणि कसं सांगावं, तिला सुचत नव्हतं.