सरांच्या ओळी

घरी तिने सांगितलं होतं, की ती चॅनलमध्ये कॉम्प्युटरवर असते. हे खोटं नव्हतं. कॉम्प्युटर होता आणि ती त्याच्यासमोर बसायची. त्यावर ती नेमकं काय करते, हे नवऱ्याने कधी खोदून विचारलं नाही. पगार वेळेवर यायचा आणि रात्रीच्या जेवणाआधी ती घरी पोचायची. एवढं पुरे होतं.

ती ओळी सरकवायची. कॅमेऱ्याच्या तोंडाशी एक तिरकी काच असते, त्या काचेवर अक्षरं उमटतात, आणि आपल्या डोळ्यांत डोळे घालून बोलतोय असं वाटणारा माणूस खरं म्हणजे ती अक्षरं वाचत असतो. अक्षरं किती वेगाने वर जावीत, हे तिच्या उजव्या हाताच्या बोटाखालचं लहानसं चाक ठरवायचं. बोलणारा रेंगाळला की तीही रेंगाळायची, तो चिडला की ओळी पळवायची. चॅनलमध्ये तिला सगळे सरकताई म्हणत. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं लागे.

ती ज्यांच्या ओळी सरकवायची त्यांना सगळे ‘सर’ म्हणत. रोज संध्याकाळी त्यांचा ‘उत्तर द्या’ हा कार्यक्रम असे. मंत्री असो, अधिकारी असो, शाळेचा मुख्याध्यापक असो, सर त्याला उभं करून सोलून काढत. चुकलात? कबूल करा. खुर्ची सोडा. उत्तर द्या! सुरुवातीलाच ते दोन्ही रिकामे हात कॅमेऱ्याला दाखवत आणि म्हणत, “माझ्यासमोर कागद नाही. जे बोलतो ते पोटातून.”

हे वाक्यही काचेवरूनच यायचं.

पहिल्याच दिवशी तिला बजावलेलं होतं, की इथलं घरी न्यायचं नाही. सरांच्या समोर काच आहे हे बाहेर कळता कामा नये. तिने मान डोलावली होती आणि ती मान वर्षानुवर्षं तशीच डोलत राहिली. त्यात तिला थोडी गंमतही वाटत असावी. सगळा गाव ज्या माणसाच्या तोंडाकडे बघतो, त्याचं तोंड आपल्या बोटावर चालतं. कुणाला सांगता येत नसलं तरी ही गोष्ट भाजी निवडताना आठवायला बरी वाटते.

नवरा विम्याच्या कचेरीत होता आणि सरांचा भक्त होता. संध्याकाळी रिमोट मांडीवर घेऊन तो कार्यक्रम बघायचा आणि ती घरी आली की जेवताना तिला सगळा ऐकवायचा.

“आणि मग काय म्हणाले असतील सर?”

“काय म्हणाले?” ती विचारायची.

“म्हणाले, ‘फायली जळत नाहीत साहेब, जाळल्या जातात!’ समोर चिटोरं नाही गं. आमचे साहेब पाहुण्याचं दोन ओळींचं स्वागत वाचून दाखवतात आणि वर अडखळतात.”

‘जाळल्या’च्या आधी तिने चाक जरा धरून ठेवलं होतं, म्हणून ते वाक्य तसं पडलं होतं. ती म्हणायची, “पोळी घ्या.”

सरांची भाषा घरात मुरली होती. “आमटीत मीठ नाही. जबाबदार कोण? उत्तर द्या!”

“जबाबदार मीठ. डबा तुमच्या हाताशी आहे.”

असं बरं चाललं होतं. मग ते पाण्याचं प्रकरण झालं.

एका वस्तीत नळाला घाण पाणी आलं आणि माणसं आजारी पडली, काही गेली. पाणीपुरवठ्याचा एक अभियंता होता, मध्यम वयाचा, बुजरा, कॅमेरा दिसला की चेहरा लपवणारा. चेहरा लपवतो म्हणजे पाप आहे, असं सरांनी ठरवलं आणि दोन महिने त्याला झोडपलं. चौकशी समितीचा अहवाल ज्या संध्याकाळी जाहीर व्हायचा होता, त्याच संध्याकाळी सरांना निर्भीड पत्रकारितेचा पुरस्कार घ्यायला परगावी जायचं होतं. कार्यक्रम चुकवून चालणार नव्हतं. म्हणून दुपारीच दोन भाग करून ठेवायचं ठरलं. अभियंता दोषी ठरला तर एक, सुटला तर दुसरा.

असं आधीही दोनचार वेळा केलं होतं. निवडणुकीला तर करतातच. सरांनी पहिला भाग केला, घोटभर पाणी प्यायले, टाय तोच ठेवला आणि दुसरा केला. दोन्हींची सुरुवात एकच होती. ती सरांनी स्वतः आग्रहाने घालायला लावली होती: “मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.” शेवटही एकच, “उत्तर द्या!” मधला मजकूर तेवढा वेगळा. एकात, हा माणूस खुनी आहे. दुसऱ्यात, एका प्रामाणिक नोकराचा बळी जाऊ देऊ नका. दोन्हीकडे सरांनी त्याच जागी चष्मा काढला आणि त्याच जागी त्यांचा आवाज भरून आला.

पहिल्या दिवसापासून ते काय सांगत होते, ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण तिने चाक फिरवलं.

संध्याकाळी अहवाल आला. अभियंता निर्दोष होता. पाणी बंद करा असं त्याने वरिष्ठांना आधीच कळवलं होतं, कुणी ऐकलं नव्हतं. प्रसारणाच्या खोलीत घाई होती. कुठला भाग लावायचा ते तिथल्या माणसाने नेहमीच्या रीतीने तपासलं, म्हणजे सुरुवात ऐकली आणि शेवट ऐकला. “मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.” बरोबर. “उत्तर द्या!” बरोबर. लाव.

खुनीवाला लागला.

निर्दोष ठरलेल्या माणसाला सर अर्धा तास खुनी म्हणत राहिले, आणि परगावी स्टेजवर हारतुरे घेत राहिले. कुणीतरी त्या अभियंत्याच्या दारावर काळा रंग ओतला. त्याची बायको दार पुसताना कुणीतरी फोटो काढला. तो फोटो सगळीकडे फिरला आणि त्याखाली लोकांनी सरांचेच शब्द लिहिले: उत्तर द्या.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा चहाच्या यंत्रापाशी बोलणं थांबलं. कार्यक्रमाची प्रोड्युसर, एरवी तिला नुसतं “हं, चालू करा” म्हणणारी बाई, आज स्वतः चहा घेऊन आली.

“सरकताई, बरं आहे ना घरी सगळं?”

“आहे की.”

“मिस्टर काय करतात म्हणालात?”

“विम्यात आहेत.”

“छान. स्थिर नोकरी.” प्रोड्युसरने कप टेबलावर ठेवला. “तुमचं पूर्ण नाव काय हो? इतकी वर्षं झाली, बघा ना, विचारायचंच राहून गेलं.”

तिने सांगितलं. सांगताना तिला वाटलं, आपण उगाच सांगतोय. पण नाव विचारलं तर नाही कसं म्हणणार? नवऱ्याच्या नोकरीची चौकशी आणि पूर्ण नाव, दोन्ही एका कपात. तो चहा तिच्याने संपला नाही.

संध्याकाळी सर दिलगिरी व्यक्त करणार होते. मजकूर तिच्या कॉम्प्युटरवर आला तेव्हा तिने सवयीने शेवटपर्यंत वाचून बघितला. ‘झालेल्या प्रकाराबद्दल मला मनापासून खेद आहे’ इथे तो संपत होता. एवढाच? शेवटी ‘उत्तर द्या’सुद्धा नाही?

“पुढचा भाग?” तिने प्रोड्युसरला विचारलं.

“पुढचं सर स्वतः बोलणार आहेत.”

तिचं बोट चाकावरच थबकलं. सर स्वतः? मांजर आडवं गेलं तर ‘अरे’ म्हणायलाही ज्यांना काच लागते, ते? म्हणजे काहीतरी आहे, जे आपल्याला आधी वाचू द्यायचं नाहीये. सर आले, रोज ‘काय सरकताई’ म्हणायचे, आज नुसते माइक नीट करत राहिले. ओठ मात्र हलत होते. पोरं परीक्षेच्या दारात उभी राहून पुटपुटतात तसे.

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला. तिने ओळी सरकवल्या, खेदापर्यंत. मग काच कोरी झाली. सरांनी काचेवरून नजर उचलून कुठेतरी वर लावली आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं, की चूक मानवी होती, आपल्या एका जुन्या कार्यालयीन सहकारी बाईंच्या हातून नजरचुकीने जुना भाग लागला, आपण कुणाला पाठीशी घालत नाही, मग तो आपल्या घरातला का असेना. आणि त्यांनी तिचं नाव घेतलं. आडनावासकट.

‘ओळी सरकवणारी’ म्हणता येत नव्हतं ना. म्हणून कार्यालयीन.

दिवा विझल्यावर प्रोड्युसर म्हणाली, “थोडे दिवस आराम करा. निवळलं की बोलावतो.” सर मेकअप पुसायला गेले होते.

घरी टीव्ही बंद होता. त्या वेळी तो बंद असलेला तिने कधी बघितला नव्हता. नवरा जेवणाच्या टेबलापाशी बसला होता, समोर काहीच नव्हतं.

“तायडीचा फोन येऊन गेला,” तो म्हणाला. तायडी म्हणजे त्याची धाकटी बहीण. “‘दादा, वहिनीचं नाव घेतलं टीव्हीवर!’ शेजाऱ्यांसमोर ऐकलं तिने. काय केलंस तू?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? सर उगाच नाव घेतील? ते कागदाशिवाय बोलतात, पुराव्याशिवाय बोलत नाहीत.”

तिने चपला काढल्या, हात धुतले आणि सांगितलं. काच, चाक, दोन भाग, सगळं. कुठला भाग लावायचा हे जिथे ठरतं ती खोलीसुद्धा आपली नाही, वेगळ्या मजल्यावर आहे, हेही सांगितलं. तो ऐकत होता, पण अर्ज नाकारायचा असं ठरवून कागद चाळणाऱ्या कारकुनासारखा.

“म्हणजे सर जे बोलतात ते तू देतेस?”

“लिहिणारा दुसरा. मी सरकवते.”

“रोज?”

“रोज.”

“मी रोज तुला इथे बसून सांगायचो, सर काय म्हणाले. आणि तू ‘काय म्हणाले’ विचारायचीस.”

“तुम्हाला सांगायला आवडायचं.”

“आणखी काय काय नाही सांगितलंस मला?”

असं वळण लागेल हे तिच्या ध्यानात नव्हतं आलं. सरांचं खोटं एका बाजूला राहिलं आणि चौकशी तिचीच सुरू झाली.

“बसा,” ती म्हणाली. “दुसरा भाग ऐका. जो लागायला हवा होता आणि कुणी ऐकलाच नाही.”

ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि बोलायला लागली. मी पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो. एक साधा माणूस, ज्याने धोक्याची घंटा वाजवली… इथे थांबतात. ज्याचा एकच गुन्हा, की त्याला बोलता येत नाही… इथे चष्मा काढतात. डोळे मिटतात. आता आवाज खाली. आपण अशा माणसांचा बळी जाऊ देणार आहोत का? तिचा आवाज बारीकच होता, पण थांबे अगदी सरांच्या जागी पडत होते. नवऱ्याची मान एकदोनदा सवयीने डोललीही.

ती थांबली. तो म्हणाला, “हे तू आत्ता रचलंस.”

“मला रचता आलं असतं तर मी चाक फिरवत बसले असते का?”

जेवणं झाली. तायडीचा पुन्हा फोन आला, तेव्हा तो आतल्या खोलीत जाऊन म्हणाला, “विचारतोय तिला. बघू.” ते ‘बघू’ तिला ओट्यापाशी ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी होती. संध्याकाळी कार्यक्रमाची वेळ झाली तसा नवऱ्याच्या हाताने आपोआप टीव्ही लावला. ती बाहेर आली नाही, भाजी चिरत राहिली. सरांनी रिकामे हात दाखवले. “माझ्यासमोर कागद नाही.”

मग आवाज गेला.

“इकडे ये जरा,” नवऱ्याची हाक आली.

त्याने आवाज बंद केला होता आणि तो टीव्हीच्या इतका जवळ उभा होता, की नाक लागायचं. चाकावर कुणीतरी नवीन बसवलेलं असणार, बिचकत सरकवत होतं. आवाज नसताना सरांचे डोळे तेवढे दिसत होते. डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडून उजवीकडे. मग कडेला जाऊन थांबायचे, लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

“आता काय झालं?” तो कुजबुजला.

“ओळ आली नाही अजून.”

“आता?”

“आली. आता चष्मा.”

सरांनी चष्मा काढला.

नवरा तसाच वाकून उभा राहिला. “इतकी वर्षं,” तो म्हणाला. “समोर दिसत होतं गं. मी बघतच नव्हतो.”

फोन वाजला. त्याने इथेच उभ्याउभ्या घेतला. “तायडे, तुझ्या वहिनीने काही केलेलं नाही. पुरावा? टीव्ही लाव. आवाज बंद कर. आता डोळ्यांकडे बघ. नाही, तोंडाकडे नाही, डोळ्यांकडे! दिसलं? शेजारच्यांनाही बोलाव.”

त्याचा आवाज चढला होता. मोकळा हात हवेत उडत होता. “दोन दोन भाग करून ठेवतात! आणि पाप आमच्या माथी? कोण जबाबदार? उत्तर द्या म्हणावं!”

ती सुरी हातात घेऊन त्याच्याकडे बघत राहिली. त्याचा आपल्यावर विश्वास बसलाय, की बोट दाखवायला त्याला नवा माणूस मिळालाय? त्याचे डोळे मात्र कुठे सरकत नव्हते. ते सरळ तिच्याकडे होते. ती पुन्हा भाजीकडे वळली. पडद्यावर सरांचे डोळे पुन्हा कडेला थांबून पुढच्या ओळीची वाट बघत होते, आणि तिचं बोट सुरीच्या मुठीवर सावकाश सरकलं.