काकांची शिकस्त

“गेस्ट कुठे पोचलेत?”

“ओक्लाहोमाला.”

“काका, आपण टेक्ससमध्ये आहोत!”

“मला माहितीये गं. इथे गारा सुरू झाल्या म्हणून विमान तिकडे उतरवलं. आख्खी मंडळी तिथे बसून आहेत. गायक, तबला, हार्मोनियम, सगळे.”

मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हटलं, कपाळ माझं! अर्ध्या तासात आम्ही लाइव्ह जाणार होतो. लाइव्ह म्हणजे इकडे माणूस शिंकला की तिकडे घरोघरी ऐकू येतं, खोडायची सोय नाही. तासाभराचा शो, त्यातला बहुतेक वेळ गझल आणि गप्पा, आणि गझल बसली होती ओक्लाहोमाच्या विमानतळावर बर्गर खात.

काका म्हणजे सुहासकाका. पुण्याचे. आयुष्यभर इथे हार्ट सर्जरी केली. रिटायर झाल्यावर त्यांच्या वयाचे डॉक्टर गोल्फ खेळतात, यांनी डॅलसजवळच्या फ्रिस्कोत देसी टीव्ही चॅनेल काढलं. आमचा स्टुडिओ एका डेंटिस्टच्या आणि एका देसी ग्रोसरीच्या मधे आहे. मी तिथे डायरेक्टर. कुठला कॅमेरा कधी दाखवायचा ते कंट्रोल रूममध्ये बसून सांगायचं आणि सगळ्यांवर ओरडायचं, हे माझं काम. मी नागपूरची आहे, ओरडायला वेगळं ट्रेनिंग लागलं नाही.

आणि शो कुणाचा, तर सरमदभाईंचा. हा माणूस बारा गावचं पाणी प्यायलेला. लाहोरच्या कॉलेजात ड्रम वाजवायचा. बँडचा गायक ऐन वेळी पळाला म्हणून हा गायला लागला आणि एका गाण्यानं घराघरांत पोचला. बँड फुटला. मग जाहिरातींच्या जिंगल्स केल्या, कार्टूनमधल्या गाढवाला आवाज दिला, मालिकांमध्ये व्हिलन झाला, रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री केली, सकाळच्या शोमध्ये बिर्याणी शिकवली आणि शेवटी बायकोच्या नोकरीमागे टेक्ससला आला. त्याला घ्यायचं ठरलं तेव्हा काका मला म्हणाले होते, “वर्षा, एक ना धड भाराभर चिंध्या. टिकेल का हा?” टिकला. सीझनभर टिकला.

पण त्या दिवशी सगळंच टांगणीला लागलं होतं. आमचे शो न्यू जर्सीतलं एक मोठं नेटवर्क देशभर दाखवायचं. तिथल्या ब्रेंडाबाई त्या संध्याकाळचा शो पाहून ठरवणार होत्या, की पुढचा सीझन करायचा की जुनेच एपिसोड फिरवत बसायचं. सरमदभाईंना हे ठाऊक होतं. मेकअप करताना ते मला म्हणाले होते, “डायरेक्टर साहिबा, इस उमर में नया काम ढूँढना अब मेरे बस का नहीं.” हसत म्हणाले, पण ते गमतीत नव्हतं.

मी सेटवर धावले. “सरमदभाई, गेस्ट नहीं है. फिल करना पड़ेगा.”

फिल करणं म्हणजे हातात काही नसताना वेळ भरून काढायचा. आमच्या धंद्यात काळा स्क्रीन हे सर्वात मोठं पाप आणि शांतता दुसरं.

“कितना फिल?”

“पूरा.”

त्यांनी एक मोठा श्वास घेतला. “या अल्लाह. चलिए!”

आणि काय सांगू, माणसानं धमाल उडवली! पत्र्यावर गारा अशा वाजत होत्या की माइकमध्ये दुसरं काही येईना. सरमदभाईंनी सरळ कॅमेरावालीला, लूपेला, खूण केली. तिनं मागचं दार उघडून कॅमेरा पार्किंग लॉटवर धरला. झाली कॉमेंट्री सुरू. “और ये फ्रिस्को एंड से आई तेज़ गेंद, सीधे डॉक्टर साहब की गाड़ी के बोनट पर!” काका किंचाळले, “अरे, माझी गाडी!” मी हसून हसून कॅमेरा बदलायचं विसरले. फोनच्या लाइन्स पेटल्या. डॅलसमधून फोन, पार दुसऱ्या टोकाच्या बॉथेलमधून फोन, कुणी आपल्या अंगणातल्या गारांचा स्कोअर सांगतंय, एका मुलीला गाढवाचा आवाज हवाय. तोही दिला. एका आजोबांनी नेहमीप्रमाणे बँडच्या जुन्या गाण्याची फर्माईश केली. सरमदभाईंनी नेहमीप्रमाणे टाळली, “हज़रत, गला रिटायर हो गया है.”

तेवढ्यात ब्रेंडाचा फोन. काकांनी स्पीकरवर टाकला.

“डॉक्टर, तुमचा गेस्ट कुठे आहे? हा माणूस पार्किंग लॉट का दाखवतोय?”

“वेदर इश्यू आहे. पण लोकांना आवडतंय.”

“मला रिस्क नको. जुना एपिसोड लावा.”

आता काका भांडायला लागले. मी त्यांना इतकं पेटलेलं कधी पाहिलं नव्हतं. कपाळाला हात लावला, टेबलावर मूठ आपटली, शेवटी अक्षरशः हात जोडले. फोनवर हात जोडून कुणाला दिसतं का? पण जोडले. आमच्या काचेतून सेट दिसतो, म्हणजे सेटवरूनही आम्ही दिसतो. सरमदभाई फोनवाल्याशी बोलता बोलता हे सगळं बघत होते. आवाज तेवढा त्यांना ऐकू येत नव्हता.

“ठीक आहे,” ब्रेंडा शेवटी म्हणाली. “लाइव्हच ठेवा. पण स्क्रीन काळा पडला तर तुमचं तुम्ही बघा.”

मी जाहिराती सोडल्या. ब्रेक! काका आनंदानं उड्याच मारत होते. त्यांनी माझ्यावरून वाकून टॉकबॅकचं बटण दाबलं. होस्टच्या कानात एक छोटा इअरपीस असतो. हे बटण दाबून बोललं की फक्त त्याला ऐकू जातं, आणि ब्रेकमध्ये माइक बंद असल्यानं त्याला उलट बोलायची सोय नसते. एरवी त्या बटणाला मी कुणाला हात लावू देत नाही. पण मी पुढच्या फोनची जुळवाजुळव करत होते.

“सरमदभाई,” काका त्यांच्या सदाशिवपेठी हिंदीत म्हणाले, “ब्रेंडा का फोन आया था. हमने पूरी शिकस्त की. अब जो है वो आपका है.”

सरमदभाईंनी मान हलवली. जाहिराती संपल्या. मी म्हटलं, “कॅमेरा वन, गो!”

आणि समोर दुसराच माणूस बसला होता. कोट काढून खुर्चीवर टाकलेला. चेहऱ्यावरचं हसू गेलेलं.

“दोस्तो,” ते म्हणाले, “अब थोड़ी देर मैं आपसे बग़ैर मेकअप के बात करूँगा. ये आख़िरी शो है.”

“हॅ?” काका उडाले. “कसला आखरी?”

सरमदभाई बोलत सुटले. लाहोरच्या गच्चीवर खुर्च्यांवर ड्रम वाजवायचे ते. बँड फुटला त्या रात्री एकट्यानं सामान टेम्पोत भरलं ते. गाढवाला आवाज देताना लेक स्टुडिओत हसली, तेव्हा पहिल्यांदा आपण स्टार आहोत असं वाटलं ते. फोनवर बायका रडायला लागल्या. न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या एक काकू हिंदीत दम भरत होत्या, “ऐसे कैसे जाते हो? हमने क्या घोड़ा मारा है?”

“हर काम में किसी न किसी ने कहा, भाई, अब बस,” सरमदभाई म्हणाले. “मैंने कभी नहीं माना. पर जब अपने ही लोग कह दें कि शिकस्त हुई, तो मान लेनी चाहिए. अब मैं किसी काम का नहीं रहा.”

शिकस्त! माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“काका! तुम्ही त्यांना शिकस्त म्हणालात!”

“मग? केलीच की! प्रयत्नांची शिकस्त केली मी त्या बाईपुढे.”

“अहो, उर्दूत शिकस्त म्हणजे पराभव! हार! त्यांना वाटलं ब्रेंडानं शो बंद केला!”

काका मटकन बसले. हिंदीत अडलं की आपण मराठी शब्द घालतो, आणि शब्द जरा फारसी वाटला की हमखास चालेल असं धरून चालतो. ‘शिकस्त’ तर किती भारदस्त वाटतो. समोरचा लाहोरचा, म्हणजे खूश होईल.

मी टॉकबॅककडे हात नेला, तर काकांनी मनगट धरलं. “थांब. बघ तरी काय चाललंय. लोक ढसाढसा रडतायत. ब्रेंडा बघतेय. हे असं पुन्हा नाही मिळणार. शो संपल्यावर सांगू.”

खोटं कशाला बोलू, मलाही मोह झाला. टीव्हीवाल्याला असं काही आयुष्यात एकदा मिळतं. पण समोर माणूस स्वतःला मोडीत काढत होता, तेही आमच्या एका शब्दापायी. सीझनभर त्याच्या कानात मी बोलले होते, आणि तो डोळे मिटून ऐकत आला होता.

“काका, तुम्ही कधी पेशंटला रिपोर्ट चुकीचा सांगून रडू दिलंत का?”

त्यांनी मनगट सोडलं. मी बटण दाबलं.

“सरमदभाई, शो बंद नहीं हुआ. काका मराठी बोले. मराठी में शिकस्त मतलब आख़िरी दम तक कोशिश. वो आपके लिए ब्रेंडा से लड़े. और जीते.”

ते बोलता बोलता थांबले. शांतता, म्हणजे धंद्यातलं दुसरं पाप, चालू होती. मी कॅमेरा हलवला नाही.

मग ते हसायला लागले. आधी खांदे, मग पोट, मग खुर्चीसकट गदागदा. डोळ्यांतून पाणी चालूच. “डॉक्टर साहब! बाहर आइए! अभी के अभी!”

मी काकांना ढकललंच. स्वेटर आणि स्नीकर्समध्ये आमचे मालक देशभर लाइव्ह झाले.

“समझाइए इनको, शिकस्त क्या होती है.”

“शिकस्त याने,” काका घाम पुसत म्हणाले, “जितना है उतना सब लगा देना. कुछ बाकी नहीं रखना.”

“और उसके बाद भी हार गए तो?”

“तो भी शिकस्तच बोलते है.”

सरमदभाई कॅमेऱ्याकडे वळले. “सुना आपने? हमारे यहाँ जो हारने का नाम है, इनके यहाँ वही कोशिश का नाम है. मैं तो फिर पूरी उमर मराठी ही बोलता रहा!”

बॉथेलचा फोन लाइनवर होता. त्या माणसाच्या टाळ्या कंट्रोल रूममध्ये ऐकू आल्या. मी काय केलं? मी बोंबलले, “लूपे, क्लोजअप! क्लोजअप घे!” आणि रडले. दोन्ही एकदमच.

मग त्यांनी काकांच्या हातातली स्टीलची पाण्याची बाटली घेतली, दोन पेनं उचलली, टेबलावर ठेका धरला आणि ते जुनं गाणं म्हटलं. रिटायर झालेल्या गळ्यानं. वरच्या सुराला आवाज फाटला, तरी सोडला नाही, फाटक्या आवाजानंच तो सूर पकडून ठेवला. गारा थांबल्या होत्या. काका शेजारी उभे राहून चुकीच्या जागी टाळ्या देत होते. ड्रम, गाणं, कॉमेंट्री, गाढव, बडबड, त्या सगळ्या चिंध्यांची एका तासात गोधडी झाली होती.

शो संपला आणि ब्रेंडाचा फोन आला. “मला एक अक्षर कळलं नाही,” ती म्हणाली. “पण मी उठू शकले नाही. डॉक्टर, तुमचं ते मधेच सेटवर येणं स्क्रिप्टमध्ये होतं?”

“अर्थात,” काका म्हणाले. खोटारडे कुठले!

पुढचा सीझन मिळाला. गझलवाली मंडळी आठवड्यानं आली, छान गायली, तो एपिसोड कुणाला आठवत नाही. टॉकबॅकच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली आणि वर लिहिलं, ‘डॉक्टरांनी इंग्लिशमध्ये बोलावं’. माझ्या धंद्यातल्या नव्या पोरांना एवढंच सांगते: समोरच्याच्या कानात बोलायचं असेल तर त्याच्या भाषेतला शब्द वापरा, आपल्या भाषेतला भारी वाटणारा नव्हे.

त्या संध्याकाळी ब्रेंडाचा होकार आला तेव्हा सरमदभाई सेटवर एकटेच वायर गुंडाळत बसले होते. इअरपीस कानातच होता. मी बटण दाबलं.

“सरमदभाई, अगला सीझन पक्का.”

त्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं आणि आपला अजून चालू असलेला माइक तोंडाजवळ घेतला.

“उर्दू में पक्का, कि मराठी में?”